गेटजवळची तांबडी

कोल्हापूरहून कागल रोडला हायवे सोडून आत गेलं की एका मठाच्या ट्रस्टचं शेत आहे, तिथं मी दर रविवारी सेवेला जाते. नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे त्यातली मोठी चूक माझी होती. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये राहणारी, आठवडाभर ऑफिसात बिलं तपासणारी बाई मी, मला आधी भांगलायला पण येत नव्हतं. तिथल्या बायकांनी शिकवलं. मेथी-पालक-वांगी जे पिकतं ते अन्नछत्रात आणि वसतिगृहातल्या पोरांच्या ताटात जातं, आवारातला पालापाचोळा झाडून खड्ड्यात टाकायचा, २०० लिटरच्या बॅरलमध्ये जीवामृत, म्हणजे पिकाला घालायचं पातळ खत, ढवळायचं, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे सगळं मनापासून आवडतं मला. आणि गोठा. अठरा गायी, बहुतेक भाकड, कुणी कुणी आणून सोडलेल्या, आणि त्यांचं सगळं बघणारे तात्या.

वसुबारसेला मी मुद्दाम रजा टाकली होती. त्या दिवशी शहरातून किती माणसं येतात हे बघितल्याशिवाय कळत नाही. आता कुणाच्या दारात गाय राहिली नाही ना, त्यामुळं शिवाजी पेठेपासून कळंब्यापर्यंतची माणसं रिक्षा करून, गाडीवरून, लहान पोरं घेऊन सवत्स धेनू पुजायला येतात. प्रत्येकीच्या हातात स्टीलचा डबा. त्यात बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, उडदाचे वडे, कुणी पुरणपोळी, कुणी नुसता भात-गूळ. सकाळी आठपासून रांग लागली ती दिवेलागणीनंतरच थांबली. माझ्याकडं गव्हाणीजवळ उभं राहून रांग सरकवायचं काम होतं.

तेव्हा एक गोष्ट माझ्या डोळ्यासमोर होती आणि मला दिसली नाही. अठरा गायी होत्या पण माणसं पहिल्याच गायीपाशी थांबत होती. गेटजवळ बांधलेली तांबडी, जर्सी क्रॉस, दोन महिन्यांचं वासरू शेजारी, कपाळावर पांढरा टिळा, फोटोला छान. हळद-कुंकू तिलाच, ओवाळणं तिलाच आणि घास पण तिलाच. पुढच्या सतरा जणी नुसत्या मान लांब करून बघत होत्या. प्रत्येकानं एकच घास दिला हो, अगदी एकच, कुणी दोन भाकऱ्या घातल्या नाहीत. पण घास देणारी माणसं चारशेच्या खाली नव्हती.

आणि संध्याकाळी टेबलावर एक मोठं पातेलं भरून उरलं होतं, भात, वडे, पोळ्या सगळं एकत्र. अन्न टाकायचं नाही हे आपल्या हाडात मुरलेलं. तात्या धारा काढायला मागं गेले होते, त्यांना विचारायचं सुचलं पण नाही, ते पातेलं उचललं आणि तांबडीच्या गव्हाणीत ओतलं. तिनं पाच मिनिटांत साफ केलं. मला इतकं बरं वाटलं होतं त्या वेळी.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. आवारात फुलं, वाती, द्रोण, प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळं पडलेलं, ते झाडायला म्हणून सहालाच पोचले. तात्या तांबडीजवळ उकिडवे बसले होते. म्हणाले, "ताई, रवंथ थांबल्या हिची. काल काय काय गेलंय पोटात?"

मी पातेल्याचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसता डाव्या भकाळीवर, बरगड्यांच्या मागं, हात ठेवला. ती जागा एरवी खोलगट असते, ती तट्ट फुगली होती. गाय दात खात होती, कर्र कर्र आवाज येत होता, शेण पातळ पाण्यासारखं आणि त्याला आंबूस वास. वासरू आचळाला तोंड लावायला गेलं की ती सरकायची. मी घाबरून बाटलीत पाणी भरून आणलं, तर तात्या ओरडलेच, "बाटलीनं पाजू नगा! ठसका लागला तर फुफ्फुसात जाईल, मग संपलंच." त्यांनी पुढचे पाय चढावर येतील असं तिला उभं केलं, कडुलिंबाची काठी तोंडात आडवी बांधली म्हणजे ती चघळत राहील आणि लाळ सुटेल, आणि डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर पाऊण तासात आले. घशातून लांब नळी घातली आणि नळीतून जो गॅस बाहेर आला त्याचा वास मी विसरणार नाही, इडलीचं पीठ आठ दिवस विसरून राहावं तसा. नळीतून आलेल्या पाण्यात त्यांनी कागदाची पट्टी बुडवली आणि मला दाखवली. सामू, म्हणजे pH, सहा-सातच्या दरम्यान पाहिजे, पाचवर आला होता, म्हणजे पोटात आम्ल वाढलं होतं. मग पोट धुतलं, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून दिला, सलाईनच्या बाटल्या लावल्या. मी बाटली धरून उभी होते आणि रडत होते आणि डॉक्टर काम करता करता समजावून सांगत होते.

गायीचं कोठीपोट म्हणजे शंभर लिटरच्या वरची टाकी. त्यात जिवाणू असतात, ते वैरण पचवतात, गाय नाही पचवत. त्यांना पिंजर, गवत, कडबा यांची सवय. एकदम भात-भाकरी-पोळी गेली की दुसरेच जिवाणू माजतात, आम्ल तयार होतं आणि नेहमीचे मरतात. वैरण चावताना, रवंथ करताना गायीला दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ सुटते, त्या लाळेत सोडाच असतो, म्हणजे तिचं औषध तिच्याच तोंडात. पण शिजलेलं मऊ अन्न चावावंच लागत नाही, सरळ गिळलं जातं, लाळ सुटायची कुठनं.

नंतर त्यांनी जे केलं ते मी पहिल्यांदाच बघितलं. शेवटच्या दावणीची काळी गाय, जिच्याकडं आदल्या दिवशी कुणी फिरकलं नव्हतं, तिच्या पोटातून नळीनं तीन-चार लिटर पाणी काढलं, हिरवट, फेसाळ, आणि तसंच गरम असताना तांबडीच्या पोटात सोडलं. जिवंत जिवाणू. म्हटले हिच्या पोटात आता बी पेरायला लागतंय परत.

दिवसभर आईचे फोन येत होते, चकलीची भाजणी कुठं ठेवलीस, दिवे लावायला तरी ये. नाही गेले. वासराला काळ्या गायीखाली लावायचा प्रयत्न केला, तिनं लाथ मारली, मग बाटलीनं दूध पाजलं. रात्री तात्या आणि मी गोठ्यात पोतं टाकून बसलो. तात्यांनी मला एकदाही बोल लावला नाही, त्याचंच जास्त लागत होतं. तीन वाजता तांबडी बसली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. साडेचारला ती उठली, शेण टाकलं. तात्यांनी बॅटरी धरली, बोटावर शेण घेतलं, हुंगलं आणि माझ्यासमोर धरलं. "बघा वास." आंबूस नव्हता. मग सहाच्या सुमाराला गळ्यातून एक गोळा वर चढताना दिसला आणि तिचा जबडा हलायला लागला, आडवा, सावकाश. तात्यांनी हात जोडले. मी पण.

सगळं लगेच नीट झालं असं नाही. महिनाभर ती लंगडत होती, आम्लानं खुरांना सूज येते म्हणे, आणि दूध निम्म्यावर आलं.

मी ट्रस्टच्या मीटिंगमध्ये उभं राहून सगळं सांगितलं, पातेल्यासकट. पुढच्या वसुबारसेला आम्ही गव्हाणीपुढं दोरी बांधली. नैवेद्य टेबलावर घ्यायचा, तो देवाला दाखवून अन्नछत्रात, आणि प्रत्येकाला हत्ती गवताची एक छोटी पेंढी द्यायची, ती गायीला घालायची. अठरा गायींपुढं अठरा रांगा. काहीजण चिडले. एक काका म्हणाले, पाच पिढ्या आम्ही गायीला नैवेद्य देतोय, तुम्ही कोण अडवणार? त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, काका, तेव्हा एका घरची एक गाय होती आणि एक घास होता. आता एका गायीला अख्खं कोल्हापूर घास देतंय. ते थोडा वेळ गप्प उभे राहिले, मग पेंढी घेतली आणि विचारलं, शेवटची कुठली? तिला घालतो.

तांबडी आता गेटपासून सातव्या नंबरला असते. डब्याचं झाकण वाजलं की अजून मान वळवते.