सॅलिंजरची पत्रं, हॅमिल्टनच्या पेट्या आणि तो परवानगीचा फॉर्म

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जाऊन जुने कागद बघणं हा सगळ्यात सोपा भाग होता, हे आधीच सांगते. एडिसनहून लोकल, प्रिन्स्टन जंक्शनला उतरून 'डिंकी' नावाची छोटी गाडी आणि थोडं चालणं, की विद्यापीठाचं फायरस्टोन ग्रंथालय. खातं ऑनलाइन उघडलं होतं, कागदांच्या पेट्या आधीच मागवून ठेवल्या होत्या. तिथली माणसं मदतीला तत्पर. माझं डोकं फिरलं ते नंतर, लेख ज्या नियतकालिकाला दिला त्यांच्या परवानगीच्या फॉर्मपायी.

पेट्या होत्या इयन हॅमिल्टनच्या. या इंग्लिश कवी-समीक्षकाने जे. डी. सॅलिंजरचं चरित्र लिहायला घेतलं होतं. सॅलिंजर म्हणजे 'द कॅचर इन द राय'चा लेखक. १९६५ नंतर त्याने नवीन काहीही छापलं नाही, न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निशला दार लावून बसला. हॅमिल्टनला त्याची १९३९ ते १९६१ या काळातली पत्रं हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि टेक्सासच्या ग्रंथालयांत सापडली. ज्यांना ती आली होती त्यांनी किंवा त्यांच्या माणसांनी देणगी दिलेली. त्यांतले उतारे हॅमिल्टनने पुस्तकात घेतले. १९८६ साली छपाईआधीची मुद्रितं सॅलिंजरच्या हाती पडली आणि त्याने ७९ पत्रांचा कॉपीराइट नोंदवून हरकत घेतली. हॅमिल्टनने बरेचसे उतारे काढून तोच मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडला, तरी सॅलिंजरने कोर्ट गाठलं आणि २९ जानेवारी १९८७ ला अपील कोर्टाचा निकाल हॅमिल्टनच्या विरोधात गेला. १९८८ मध्ये पुस्तक आलं ते पुन्हा नव्याने लिहून. त्या पहिल्या पुस्तकासाठी त्याने जमवलेले कागद आज प्रिन्स्टनमध्ये आहेत, आणि माझा लेख नेमका त्यांच्यावरच होता.

आता तो फॉर्म. अवतरण दिलं की प्रत्येक अवतरणामागे एक फॉर्म. त्यात 'प्रकाशनाचं वर्ष' आणि 'पृष्ठ क्रमांक' हे रकाने भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. अहो, न छापलेल्या पत्राला प्रकाशनाचं वर्ष कुठून आणायचं? त्याला पेटीचा क्रमांक असतो, फोल्डरचा असतो आणि तारीख असते. मी रकान्यात 'अप्रकाशित' लिहिलं, फॉर्मने ते घेतलं नाही. पत्राची तारीख घातली, तर संपादकीय कार्यालयातून उत्तर आलं की ही प्रकाशनाची तारीख नाही, कृपया फॉर्म पूर्ण भरावा. मी सविस्तर ईमेल लिहिली. उत्तरात तेच वाक्य, कृपया फॉर्म पूर्ण भरावा. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. फोन केला तर ईमेल करा म्हणाले. ज्या नियतकालिकात अर्धे लेख जुन्या कागदपत्रांवरचे असतात, तिथल्या फॉर्मला अप्रकाशित पत्र ही वस्तूच ठाऊक नाही, याचा संताप मला अजूनही येतो. आठवडेच्या आठवडे लेख तसाच पडून.

मध्येच एक आठवलं, ते इथेच सांगते. वाचनकक्षात पेनला बंदी असते, पेन्सिल न्या. आणि टिपणाच्या प्रत्येक कागदावर पेटी आणि फोल्डरचा क्रमांक त्याच क्षणी लिहा. घरी येऊन जुळवू म्हटलं तर जुळत नाही.

मूळ अडचण फॉर्मपेक्षा खोल आहे, तेही खरं. कागद ग्रंथालयाचा असतो, त्यावरचे शब्द लिहिणाऱ्याचे. ज्याला पत्र आलं तो कागद दान करू शकतो, छापायचा हक्क दान करू शकत नाही. अमेरिकी कायद्यात तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो. सॅलिंजर २०१० मध्ये गेला, म्हणजे त्याची अप्रकाशित पत्रं २०८० सालअखेरपर्यंत बंदच. हॅमिल्टनच्या निकालानंतर चरित्रकार इतके धास्तावले की १९९२ मध्ये कायद्यात एक वाक्य घालावं लागलं. मजकूर अप्रकाशित आहे एवढ्याच कारणाने त्याचा 'रास्त वापर', म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापर, नाकारता येणार नाही, असं ते वाक्य. मी ते संपादकांना पाठवलं. उत्तर काय आलं, ते वेगळं सांगायला नको.

वाट सापडली ती निकालपत्रातच. कोर्टाने मूळ वाक्य आणि हॅमिल्टनने बदललेलं वाक्य शेजारी शेजारी ठेवून दाखवलंय. अमेरिकेच्या १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीतला उमेदवार वेंडेल विल्की याच्याबद्दल सॅलिंजरने लिहिलं होतं की हा बायकोला आपल्या कात्रणांची वही ठेवायला लावणारा माणूस दिसतो. हॅमिल्टनने थोडे शब्द बदलून वहीचा अल्बम केला, बाकी वाक्याची घडण तीच. कोर्ट म्हणालं, माहिती घ्या, पण त्या माणसाची लिहिण्याची लकब उचलू नका. हे वाचलं आणि मी लेखाला बसले. पत्रांतली थेट वाक्यं सगळी काढली. कोण कुठे होता, कोणाला कधी लिहिलं, एवढी माहिती माझ्या शब्दांत ठेवली, कारण माहितीवर कुणाचा हक्क नसतो. विल्कीचं वाक्य मात्र निकालातून घेतलं. फेडरल कोर्टाच्या निकालपत्रावर कॉपीराइट नसतो, आणि नियतकालिकाच्या वकिलालाही ते चाललं. फॉर्ममध्ये 'न्यायालयीन दस्तऐवज' हा पर्याय होताच. वर्ष १९८७, 'फेडरल रिपोर्टर' या निकाल छापणाऱ्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या मालिकेचा खंड ८११, पृष्ठ ९०. एका फटक्यात पुढचं पान उघडलं. तेव्हा जो आनंद झाला तो लेख छापून आल्यावरही झाला नाही.

लेख आधीपेक्षा चांगला झाला, हे मी अभिमानाने सांगते. उसनी वाक्यं गेल्यावर मला स्वतःला काय म्हणायचंय ते लिहावं लागलं.

अजून एक. कागद हातात येण्याआधी तुम्ही ज्या अटींवर सही करता, त्या नीट वाचा आणि प्रत जवळ ठेवा. हॅमिल्टननेही ग्रंथालयांच्या अशाच अटींवर सह्या केल्या होत्या, आणि कोर्टाच्या निकालात त्यांचा उल्लेख आहे. लेख कुठे द्यायचा हे ठरवण्याआधी त्यांचा परवानगीचा फॉर्म मागवून घ्या आणि अप्रकाशित पत्रासाठी त्यात रकाना आहे का, ते बघा. नसेल तर दुसरं नियतकालिक शोधा.