आधी बसा, मग केबिन आखा

गाडी थांबते तिथून पुढे नुसती पायवाट, चांगली दम काढणारी, आणि दोन-चार वळणं चढलं की लख्ख कळतं, वर जे काही उभं असेल ते कुणीतरी खांद्यावरून नेलंय. माझ्या आर्किटेक्ट मैत्रिणीने तर वाटेतच दगडावर बसून वहीत लिहून टाकलं, "दोघांना उचलता येणार नाही अशी एकही वस्तू नको." जंगलात ध्यानासाठी एक छोटी केबिन बांधायचं माझ्या डोक्यात कधीपासून घोळतंय, मोबाईलवर फोटो बघून बघून कंटाळा आला, म्हणून म्हटलं खरंच वापरात असलेली एखादी बघू आणि तिथे राहूनच येऊ.

केबिन दिसली तेव्हा पहिलं मनात आलं, बास, एवढीच? जेमतेम पावणेचार मीटरची चौकोनी खोली, दगडी जोतं, मातीच्या भिंती आणि चारही बाजूंनी चांगलं पुढे आलेलं छप्पर. मैत्रीण म्हणाली, अगं ल कॉर्बुझिए या नामवंत आर्किटेक्टने १९५२ मध्ये फ्रान्सच्या समुद्रकाठी स्वतःसाठी बांधलेली केबिन ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर होती, उंची फक्त २.२६ मीटर, आणि स्वयंपाकघर नव्हतंच कारण शेजारी खानावळ होती! त्याच्याही सातशे वर्षं आधी जपानमध्ये कामो नो चोमेई नावाचा भिक्षू दहा फुटी चौकोनी झोपडीत राहायचा, सांधे आकड्यांनी जोडलेले, जागा नकोशी झाली की सोडवून दोन गाड्यांवर घालून न्यायची. हे ऐकल्यावर मी मनातल्या मनात प्रशस्त व्हरांडा आणि पाहुण्यांची खोली रद्द करून टाकली.

आत शिरल्यावर आम्ही दोघी उभ्या राहून इकडेतिकडे बघत होतो तर ज्यांनी केबिन बांधली ते काका म्हणाले, "उभ्याने काय बघताय, आधी बसा." बसलो. आणि खोलीच बदलली हो. उभं असताना खिडकी उगाच खाली, चुकून बसवल्यासारखी वाटत होती, मांडी घातल्यावर बरोब्बर समोर आली. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण ७५ सेंटीमीटरवर असतात आणि आपल्या नेहमीच्या खिडक्या सुरूच होतात ९० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे बसलं की दिसणार काय तर आकाशाचा तुकडा. काकांची खिडकी ३० सेंटीमीटरवर सुरू होते, रुंदी बेताची, बाहेर एका झाडाचा बुंधा आणि थोडा उतार, बास. भिंतभर काच का नाही लावली विचारलं तर म्हणाले, दिवसा खोली तापते, पक्षी येऊन आपटतात आणि रात्री दिवा लावला की डोंगर नाही, आपलंच तोंड दिसतं. फोटोत ज्या काचेच्या केबिन भारी दिसतात ना, त्या मला आता ध्यानासाठी नाही तर फोटोसाठीच बांधल्यात असं वाटायला लागलंय.

खरी मजा हवेच्या गणितात आहे. माणूस शांत बसला तरी तासाला अंदाजे १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि एवढ्याशा खोलीत हवा असते तीसेक हजार लिटर, म्हणजे सगळं घट्ट बंद करून बसलात तर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण, जे बाहेरच्या हवेत ४२० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतं, ते आत तासाभरात ९०० च्या वर जातं, दोघं असतील तर त्याहून किती लवकर ते सांगायलाच नको. मग डोकं जड, पेंग येते, आणि आपण समजतो मन लागत नाहीये! इथे सावलीच्या बाजूला जमिनीलगत एक झरोका आहे आणि समोरच्या भिंतीत छपराखाली दुसरा, दोन्हींना बारीक जाळी. गरम हवा वरून निघून जाते, खालून थंड आत येते, पंखा नाही की वीज नाही. मी खालच्या झरोक्यापाशी हात धरून बघितला, अगदी हलकी झुळूक लागत होती, पण लागत होती.

आवाजाचं मात्र काकांनाही पूर्ण जमलेलं नाही. मातीची भिंत जाड आणि वजनदार, बाहेरचं फारसं आत येत नाही, पण वर पत्रा. सकाळी ऊन चढायला लागलं की टक्... टक्... सुरू. चार मीटरचा पत्रा तीस अंशांनी तापला तर दीडेक मिलिमीटर वाढतो, आणि जिथे स्क्रूने धरलाय तिथे अडकून मग सटकतो, तो हा आवाज. पावसात काय होत असेल याची कल्पनाच करा. पण पत्र्याला पूर्ण नावंही ठेवता येत नाहीत, कारण पाणी त्याच्यावरूनच मिळतं, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, छप्पर पंचवीस चौरस मीटरचं, म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका सरीत अडीचशे लिटरपर्यंत, फक्त पहिलं धुळीचं पाणी सोडून द्यायचं.

बाकी वीज म्हणजे १०० वॅटचं एक पॅनेल, बॅटरी आणि थेट १२ व्होल्टवर चालणारे दिवे, मुद्दाम इन्व्हर्टर नाही कारण तो गुणगुणतो. संडास लांब, भुसा टाकायचा, लघवी वेगळी काढलेली, त्यामुळे वास जवळजवळ नाहीच. सिमेंट अगदी नाममात्र, जगातल्या कार्बन उत्सर्जनात त्याचा वाटा सात-आठ टक्के धरतात, आणि तसंही ती पोती त्या चढावरून कोण नेणार!

परतताना आमचं भांडण पत्र्यावरूनच. मी म्हणतेय खाली फळ्या, मध्ये कॉर्कचा थर आणि वर पत्रा, ती म्हणतेय गवताचं छप्पर करू, म्हणजे टकटक नाही, पण मग दर काही वर्षांनी शाकारायचं कोणी आणि त्यावरून उतरलेलं पिवळट पाणी प्यायचं कसं? यावर अजून एकमत नाही. ठरलंय एवढंच की कागदावर रेघ मारायच्या आधी जागेवर चार काठ्या रोवून दोरी बांधायची, आत चटई टाकायची आणि सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी बसून बघायचं, खिडकी कुठे हवी ते तिथेच खडूने काठीवर खूण करून घ्यायचं, आणि एकदा तरी पाऊस पडत असताना काकांकडे परत जाऊन त्या पत्र्याखाली तासभर बसायचं, मग छपराचा निकाल लावू.