तपासणी नॉर्मल आली, मग पुढे जायचं का?

इंग्लंडमध्ये डोळ्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे सहसा थेट जाता येत नाही, हे घरच्यांना सांगितलं की त्यांचा विश्वासच बसत नाही. "अगं, फोन करायचा, नंबर लावायचा, दाखवून यायचं. त्यात एवढं काय?" हा आत्याचा ठरलेला प्रश्न.

इथली पहिली पायरी म्हणजे चष्म्याचं दुकान. तिथला ऑप्टोमेट्रिस्ट नुसता नंबर काढून देणारा नसतो, एवढं आधी सांगून ठेवते. त्याच्याकडे पदवी असते, जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे नोंदणी असते. डोळ्याचा पडदा आणि नस तो बघतो, गरज वाटली तर डोळ्यातला दाबही मोजतो. पण तो डॉक्टर नव्हे. त्याला शंका आली तर तो पुढे पत्र देतो, नाहीतर आपला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, देतो आणि मग हॉस्पिटलचं बोलावणं येतं. रेफरलपासून 18 आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत हे एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, मानक आहे. ते पाळलं जातंच असं नाही. पैसे भरून खाजगी तज्ज्ञाला लवकर भेटता येतं, पण विमा कंपनी बहुतेक वेळा विचारते, "जीपीचं पत्र कुठे आहे?"

अशा ठिकाणी आपल्याला काहीतरी विचित्र दिसतंय आणि तपासणी मात्र साफ आली, तर पुढचं पाऊल टाकायचं की नाही हे बरंचसं आपल्यालाच ठरवावं लागतं. मला ते ठरवावं लागलं, म्हणून हे लिहितेय.

माझं लक्षण असं. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी मोकळ्या भिंतीकडे पाहिलं की भिंत शांत बसत नाही. अँटेना हलल्यावर जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, तशा बारीक मुंग्या सगळीकडे सळसळत असतात. त्यांच्या आरपार सगळं नीट दिसतं, त्यामुळे काही झाकलं जात नाही. डोळे मिटले तरी त्या असतातच. दुसरं म्हणजे लॅपटॉपवरून मान वर केली की मजकुराच्या ओळी काही क्षण छतावर रेंगाळतात. दुखत काही नाही. धुरकटही नाही. चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचता येतात.

ऑप्टोमेट्रिस्टने मन लावून तपासलं. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, पडदा पाहिला, ओसीटी नावाचा स्कॅन काढला. त्यात पडद्याचे थर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. तिने ते मला स्क्रीनवर दाखवले आणि कुठे सूज असती तर कशी दिसली असती हेही समजावलं. बाजूची नजर तपासायच्या यंत्रासमोर बसवलं, दिवा चमकला की बटण दाबायचं. सगळं व्यवस्थित. "दोन वर्षांनी या," असं म्हणाली. तिने काही लपवलं नव्हतं की घाई केली नव्हती. फक्त मला जे दिसत होतं त्याचा उलगडा त्या खोलीत झाला नाही.

इथे एक गोष्ट आधी बाजूला काढायला हवी, कारण काही लक्षणांच्या बाबतीत 'जाऊ की नको' असा विचार करायचाच नसतो. अचानक डोळ्यासमोर काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, कडेला वीज चमकल्यासारखं झालं, एखाद्या बाजूने सावली सरकत आली, तर पडदा फाटत किंवा सुटत असू शकतो. त्याच दिवशी दाखवायचं. एका डोळ्याची नजर गेली आणि दहा मिनिटांत परत आली, तर "चला, बरं झालं" म्हणून सोडायचं नाही. रक्ताची गुठळी तात्पुरती अडकून गेलेली असू शकते आणि पुढचा झटका मेंदूत येऊ शकतो. पन्नाशीपुढच्या माणसाची कानशिलं दुखताहेत, केस विंचरताना डोकं हुळहुळतंय, घास चावताना जबडा भरून येतोय आणि त्यात नजर अंधुक झाली, तर धमन्यांना सूज असण्याची शक्यता असते. त्यात स्टेरॉइडला उशीर झाला तर दुसरा डोळाही जाऊ शकतो. लाल, ठणकणारा डोळा, दिव्यांभोवती कडी दिसणं आणि जोडीला उलट्या, हे काचबिंदूच्या तीव्र झटक्याचं रूप. दोन्ही डोळे उघडे असताना अचानक एकाचे दोन दिसू लागले आणि पापणीही खाली आली, तर तेही तातडीचं. तरुण वयात डोळा फिरवताना दुखतंय आणि त्या डोळ्याने लाल रंग विटल्यासारखा दिसतोय, तर डोळ्याच्या नसेला सूज असू शकते. त्यासाठीही आठवडेच्या आठवडे थांबायचं नसतं.

तातडी असेल तेव्हा ही पायऱ्यांची व्यवस्था इथेही वाट देते. लंडनमध्ये 1805 साली सुरू झालेलं मूरफिल्ड्स हे डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. त्याच्या सिटी रोडवरच्या इमारतीतला आपत्कालीन विभाग चोवीस तास उघडा असतो. इतर शहरांत मोठ्या हॉस्पिटलांमध्ये डोळ्यांची तातडीची ओपीडी असते, तिथे आधी फोन करून जायचं. कुठे जावं हे कळत नसेल तर 111 या एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरवर फोन. जिवावरचं वाटलं तर 999 हा आपत्कालीन नंबर. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत काही चष्म्याच्या दुकानांकडेही एनएचएसची तातडीची तपासणी असते. फोनवर "नवीन लक्षण आहे, तातडीचं आहे" एवढं स्पष्ट सांगितलं की रिसेप्शनवरची मुलगी पुढचे प्रश्न स्वतःच विचारते. भिडेपोटी नुसतं "अपॉइंटमेंट हवी होती" म्हटलं, तर नेहमीच्या रांगेतली तारीख मिळते.

माझं यातलं काहीच नव्हतं. म्हणजे घाई नव्हती. पण घाई नाही याचा अर्थ काहीच करायचं नाही, असाही होत नाही.

या मधल्या पट्ट्यात सगळ्यात उपयोगी पडतं ते स्वतःचं निरीक्षण, आणि त्याला यंत्र लागत नाही. एकेक डोळा झाकून पाहायचं. विचित्र दिसणं एकाच डोळ्यात असेल तर घोटाळा बहुतेक त्या डोळ्यात किंवा त्याच्या नसेत. दोन्हींत सारखंच असेल तर डोळ्यांच्या मागे, मेंदूकडे पाहावं लागतं. दोन-दोन दिसत असेल तर एक डोळा झाकल्यावर ते जातं का? गेलं तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय आणि ते डॉक्टरने बघायलाच हवं. एका डोळ्यानेही अक्षराला सावली दिसत असेल तर बऱ्याचदा चष्म्याचा नंबर, कोरडेपणा, मोतीबिंदू किंवा बुबुळाचा आकार यांतलं काहीतरी निघतं. कागदाला सुईने भोक पाडून त्यातून पाहिलं आणि स्पष्ट दिसलं, तर प्रश्न बहुधा नंबराचा. पापण्या मिटून उघडल्यावर धुरकटपणा जातो-येतो, तर कोरडेपणाचा संशय आधी. आणि घड्याळ बघायचं. अर्धशिशीच्या आधी दिसणारी नागमोडी, चमकती किनार साधारण पाच मिनिटं ते तासभर टिकते, हळूहळू पसरत जाते आणि विरते. डोकं दुखायलाच हवं असं नाही.

त्यावरून आठवलं. ह्यूबर्ट एअरी नावाच्या डॉक्टरने 1870 साली स्वतःच्या अर्धशिशीतल्या या चमकत्या किनारीची चित्रं छापली. एका बिंदूपासून सुरू होऊन ती मिनिटागणिक कशी वाढते, हे त्याने टप्प्याटप्प्याने काढलं होतं. त्याचे वडील म्हणजे ग्रिनिचच्या वेधशाळेचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी, ज्यांच्या दुर्बिणीवरून शून्य रेखांश ठरला. त्यांनाही असंच दिसायचं. शिवाय स्वतःच्या डोळ्यातला तिरका नंबर त्यांनी तरुणपणी स्वतःच मोजून त्यासाठी भिंग घडवून घेतलं होतं. बापलेक दोघेही "मला काहीतरी दिसतं" एवढ्यावर थांबले नाहीत. काय, कुठे, किती वेळ, हे त्यांनी कागदावर उतरवलं. मीही काढून पाहिलं. माझी चित्रकला दिव्य आहे, पण चौकोनभर ठिपके काढायला जमलं.

आत्याचा आग्रह होता की सुट्टीत तिकडे येऊन दोन-तीन मोठ्या डॉक्टरांना दाखवावं. प्रेमापोटीच, पण मला ते पटेना. एकाने पडदा पाहून ठीक म्हटलं, दुसऱ्यानेही पडदाच पाहिला, तर तोही ठीकच म्हणणार. तीच तपासणी दुसऱ्या देशात केली म्हणून उत्तर बदलत नाही. प्रश्न बदलला तर बदलेल. भिंग, पडदा आणि नस शाबूत आहेत हे मला कळलं होतं, आणि त्यावर शंका घ्यायला कारण नव्हतं. पण पाहण्याचं अर्धं काम डोळ्याच्या मागे, मेंदूत चालतं. त्याबद्दल मला कोणी काही विचारलंच नव्हतं आणि चष्म्याच्या दुकानात ते विचारलं जावं ही अपेक्षाही नव्हती.

न जाण्याची बाजूही पोकळ नव्हती. जास्त तपासण्या म्हणजे जास्त माहिती, असं नेहमी होत नाही. स्कॅनमध्ये कधीकधी असं काहीतरी सापडतं ज्याचा त्रासाशी संबंध नसतो, आणि मग त्याच्या मागे धावावं लागतं. शिवाय या मुंग्यांकडे जितकं लक्ष द्यावं तितक्या त्या ठळक होतात. इंटरनेटवर शोधायला बसलं की अर्ध्या तासात ट्यूमरपर्यंत पोचतोच माणूस. नवऱ्याचं मत होतं, "वाढत नाहीये ना? मग सोड." महिनोन्महिने जसंच्या तसं राहणारं, दोन्ही डोळ्यांत सारखं असणारं लक्षण सहसा घाईचं नसतं, हे त्याचं बरोबर होतं.

माझं पारडं झुकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. या मुंग्यांमुळे मी निर्णय घ्यायला लागले होते. रात्री गाडी नको, अंधाऱ्या सिनेमागृहात नको, ऑफिसात खिडकीसमोरची जागा नको. इथे गाडी चालवण्याचा नियम सरळ आहे. 20 मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, चष्म्यासह नजर किमान 6/12 हवी, आणि दोन-दोन दिसण्यासारखा विकार असेल तर तो लायसन्स देणाऱ्या डीव्हीएलएला कळवावा लागतो. कळवण्याजोगी व्याधी दडवली तर 1000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मी या नियमात कुठे बसते, हे निदान नसताना मला कोण सांगणार होतं?

जीपीकडे साधारण दहा मिनिटं मिळतात. "डोळ्यांपुढे काहीतरी चमकतं" असं म्हटलं असतं तर ती दहा मिनिटं चष्म्याच्या नंबरावर गेली असती. म्हणून अर्धं पान लिहून नेलं. कधीपासून, कोणत्या उजेडात, दोन्ही डोळ्यांत, मिटल्यावरही, कानात बारीक शिट्टी वाजते, आईला अर्धशिशी, कोणती औषधं घेते. खाली ऑप्टोमेट्रिस्टकडून मागून घेतलेली स्कॅनची प्रत जोडली. आपल्या तपासणीच्या प्रती मागितल्या की मिळतात, आपणच मागायला लाजतो. आणि शेवटी एकच प्रश्न: डोळे निरोगी असताना हे कशाने होतं, आणि ते कोण सांगू शकेल?

डॉक्टरांनी पान वाचलं, चित्रावर थोडं हसल्या आणि विचारलं, "डोकेदुखी? वाकल्यावर नजर क्षणभर काळी होते? हातपाय बधिर होतात? बोलताना शब्द अडकतात?" मी नाही म्हणत गेले. प्रत्येक 'नाही'बरोबर काय गळून पडतंय हेही त्या सांगत होत्या. उदाहरणार्थ, वाकल्यावर नजर काळी होणं आणि सोबत डोकेदुखी हे कवटीतला दाब वाढल्याचं चिन्ह असू शकतं. मग त्यांनी न्यूरॉलॉजीला पत्र दिलं. तातडीचा शिक्का मारला नाही आणि का मारला नाही तेही सांगितलं. ते कारण ऐकल्यामुळे पुढची वाट पाहणं सुसह्य झालं.

तिथे निदान झालं ते व्हिज्युअल स्नो सिंड्रोमचं. 2014 साली संशोधकांनी त्याचे निकष बांधले. तीन महिन्यांहून जास्त काळ संपूर्ण नजरेत हलते बारीक ठिपके, आणि जोडीला या चारपैकी किमान दोन गोष्टी: प्रतिमा रेंगाळणं, डोळ्याच्या आतल्याच हालचाली ठळक दिसणं, उजेड सहन न होणं, अंधारात कमी दिसणं. डोळ्यांची तपासणी यात साफच येते. अर्धशिशी आणि कानातली शिट्टी यांच्याशी त्याचं वारंवार नातं दिसतं. दृश्य माहिती मेंदूत ज्या प्रकारे हाताळली जाते त्यात याचं मूळ असावं असं मानतात. खात्रीचं औषध नाही. रंगीत छटेच्या काचांनी काहींना बरं वाटतं.

यापुढे आणखी कुणाला दाखवायचं का, याचं उत्तर आता सोपं आहे. याच तक्रारीसाठी नाही. पण एकाच डोळ्यात काही बदललं, नजरेचा एखादा कोपरा गेला, नवी डोकेदुखी सुरू झाली किंवा वीज चमकली, तर ते जुन्या निदानात कोंबायचं नाही, नवा प्रश्न म्हणून घेऊन जायचं. हे न्यूरॉलॉजिस्टने पत्रातच लिहून दिलंय.

गाडीचंही विचारलं. अक्षरांची आणि बाजूची नजर दोन्ही नियमात बसतात, चालवायला हरकत नाही म्हणाले. पावसाळी रात्री मोटरवेवर मात्र नवराच चालवतो. तसं पाहिलं तर मुंग्या यायच्या आधीही मी ते काम त्याच्याच गळ्यात घालत होते.