पाणमोट दिसना

मी जनावरांचा डॉक्टर. म्हैस अडली म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणमोट फुटली का?" पाणमोट म्हणजे रेडकाभोवतीची पाण्याची पिशवी. ती फुटली असेल तर रेडकाचा पाय मुडपला असेल, मान मागे वळली असेल, हात घालून बघता येतं. पण रात्रभर ऊठबस चाललीय, वैरणीला तोंड लावत नाही, कळा येऊन विरून जातात आणि पाणमोटच दिसत नाही, असं ऐकलं की मी मनात पीळ धरूनच निघतो. गर्भाशयाला पीळ.

त्या दिवशी मात्र मी निघालो होतो भलतीकडेच. मार्गशीर्षातली नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा. रजा टाकली होती, गाडीत बायको आणि सातवीतली लेक. लेकीला घोडे आणि उंट बघायचे होते, मला लाल कंधारी आणि देवणी या जातींची गाई-बैलं. देवणीतल्या रंगांचे फोटो जमवायचा मला नाद आहे. पांढरं अंग अन् तोंडावर काळं असलेली वानेरा, अंगभर काळे ठिपके मिरवणारी शेवरा, आणि बालंक्या, जिचे ठिपके फक्त खाली पोटाकडे. बायको म्हणते, वर्षभर जनावरंच, रजेतही जनावरंच. बरोबरच आहे तिचं.

गंगाखेड सोडून पालमच्या वाटेला लागलो तोच फोन. "साहेब, रातच्यापासून कळा द्यायलीय, पाणमोट काही दिसना." फोन एका शेतकऱ्याचा, आबांचा. त्यांच्याकडं माझा नंबर २०२२ पासूनचा. लम्पी आला तेव्हा गायी-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत आम्ही आखाडे, म्हणजे शेतावरच्या वस्त्या, पालथे घातले होते, तेव्हाच त्यांनी तो दारावर खडूनं लिहून ठेवला. आता १९६२ या सरकारी नंबरावर फोन लावला की जनावरांच्या डॉक्टरांचं फिरतं पथक येतं. पण आबांचा भरवसा दारावरच्या आकड्यांवर. शिवाय आखाडा आमच्या वाटेवरच होता. बायकोनं माझ्याकडं बघितलं अन् म्हणाली, "वळवा."

म्हैस तिसऱ्या वेताची, चांगल्या कासेची. डोळे खोल गेलेले. पहाटे कुणीतरी येऊन कळांचं इंजेक्शन देऊन गेलं होतं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. वाट बंद असताना कळा वाढवल्या तर गर्भाची पिशवी फाटायची वेळ येते. पण तिथं भांडायला समोर कुणीच नव्हतं. कोपरापर्यंत साबण लावून हात घातला. थोडं आत जाताच वाट निमुळती झाली आणि भिंतीच्या घड्या बोटांना उजवीकडं वळवत पुढं घेऊन गेल्या. पोत्याचं तोंड पिळून धरावं तसं. शेणाच्या वाटेनं हात घालून गर्भाशयाचे बंध चाचपले. डावा बंध वरून ताणून उजवीकडं आलेला, उजवा खाली दबलेला. उजवा पीळ, अन् चांगलाच.

"वढून काढू का? चार गडी बोलावतो," आबा म्हणाले. "आबा, वढायचं नाही. लोळवायचं."

म्हशीत पीळ जास्त का, हे मी त्यांना दोरखंडाची वाट बघता बघता सांगितलं. पोट खोल आणि ऐसपैस, बंध ढिले, डाव्या बाजूला भरलेलं कोठीपोट, म्हणून भरलेलं गर्भाशय उजवीकडं कलंडायला मोकळं. "डोहात लोळती लई," असं आबांनी त्यात जोडलं. तेही असेल.

शेजारच्या आखाड्यावर स्लॅबचं काम चालू होतं. तिथून सेंट्रिंगची दहाएक फुटाची फळी आली. सोयाबीनची गुळी, म्हणजे भुसा, जाड अंथरली. सोल, म्हणजे जाड दोर, बांधून म्हशीला उजव्या कुशीवर पाडलं, पुढचे पाय वेगळे बांधले, मागचे वेगळे. फळीचं एक टोक जमिनीवर, मधला भाग वरच्या डाव्या कुशीवर, आणि त्यावर दोन पोरं पायाचा भार देत उभी. यातली गंमत अशी की पीळ ज्या बाजूचा, त्याच बाजूला म्हैस फिरवायची. फळी आतल्या रेडकाला धरून ठेवते आणि म्हशीचं अंग फिरून त्याला गाठतं. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. उलट्या बाजूला फिरवली तर पीळ आणखी आवळतो. परभणीला कॉलेजात प्रसूतिशास्त्राच्या सरांनी हे आमच्याकडून इतकं घोकून घेतलं होतं की आजही झोपेतून उठवून विचारा. माझे बरेच वर्गमित्र पुण्या-मुंबईला कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात रमले. मी यातच रमलो.

"हं, एकदम!" पाय वर, पाठ खाली, पलीकडं डावी कूस. हात घातला. काही फरक नाही. सावकाश उठवून बसती केली, पुन्हा उजव्या कुशीवर. पोरांना पुढं सरकून, कासेच्या जरा जवळ उभं केलं. दुसऱ्यांदा घडी सैल लागली. त्याच्या पुढच्या लोळवणीत माझा हात आत होता तेवढ्यात वाट एकदम मोकळी झाली आणि कोमट पाण्याचा लोंढा माझ्या शर्टावरून थेट बुटात उतरला. लेक बाजूला ओढ्याच्या कडेला उभी होती. तिनं नाक दाबलं, पण हलली नाही.

रेडकाचे पुढचे खूर हाताला लागले. खुराच्या बेचक्यात चिमटा घेतला, पाय मागं ओढला नाही. तोंडात बोट घातलं, जीभ हलली नाही. आबांना लगेच सांगून टाकलं, आशा लावून ठेवण्यात अर्थ नव्हता. दोरी लावून, एकदा एक पाय, एकदा दुसरा, कळेबरोबर खालच्या अंगाला ओढत रेडकू काढलं. वगार, म्हणजे मादी, होती. आबांच्या बायकोनं, मामींनी, पदर तोंडाला लावला आणि लगेच म्हशीच्या तोंडापुढं गुळाचं पाणी धरलं. आत हात फिरवून पिशवी फाटली नसल्याची खात्री केली, सलाईन, कॅल्शियम, प्रतिजैविक दिलं. दुपारी जार, म्हणजे वार, पडली.

माळेगावला पोचलो तेव्हा घोड्यांचा बाजार अंधारायला लागला होता. देवणीच्या दावणीपर्यंत गेलोच नाही. लाल कंधारीचा एक वळू मात्र बत्तीच्या उजेडात मिळाला. फोटो हललाय, तरी ठेवलाय.

दोन दिवसांनी आबांचा फोन. म्हैस खाते-पिते, पण रेडकू नाही म्हणून पान्हा चोरते. "मी बसलो की लाथ मारती, ही बसली की सोडती." मी म्हटलं, मग मामींनाच बसू द्या, पेंड भिजवून पुढ्यात ठेवा, धारेची वेळ आणि माणूस बदलू नका, आणि ते पान्ह्याचं इंजेक्शन रोज टोचायची सवय लावू नका.

"मंजे आता पहाटं उठायचं काम हिचंच," आबा म्हणाले, आणि मागून मामींचा आवाज आला, "ऐकायलंय मी सगळं."