पत्ता नागपूरचा, डुकरं गावातली

बाबांची ठासणीची बंदूक माझ्या नावावर व्हायला चौदा महिने लागले. त्यातले नऊ एकाच प्रश्नात गेले: तुम्ही राहता कुठे?

आमचं वावर झुडपी जंगलाला लागून. तुरीला फूल धरलं की रोही म्हणजे नीलगायी, भुईमुगाला रानडुकरं. कळप एका रात्रीत वावर उकरून जातो. बंदूक आमच्या घरात फवारणीच्या पंपासारखीच शेतीची वस्तू. पुण्याचा मावसभाऊ मात्र मला 'शिकारी' म्हणतो. शिकारीवर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं निर्बंध आले. त्याआधी आजोबा साहेबलोकांच्या शिकारीसाठी रान उठवायला हाका घालायचे, तेही मजुरीवर. बाबा तर बहुतेक हवेतच बार काढायचे.

बाबा गेले तेव्हा बंदूक ठाण्यात जमा केली. मयताचं हत्यार घरात ठेवता येत नाही, हे आधी माहीत असू द्या. बहिणींची संमतीपत्रं, डॉक्टरचा दाखला, बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण हे सगळं सुरळीत झालं.

मग परवान्याच्या टेबलावरच्या बाबूंनी माझं आधार कार्ड उलटं करून पाहिलं.

"पत्ता नागपूरचा हाय."

"नोकरी होती तिथं. आता दोन वर्षांपासून गावातच आहे."

"म्हणजे तुम्ही नागपूरले, डुकरं गावात. बंदूक चालवनार कोन?"

मागच्या बाकावरचे दोघं हसले. मलाही हसू आलं. पुढे नऊ महिने आलं नाही.

परवान्याआधी पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. माझी फाइल आधारवरच्या पत्त्यानं नागपूरच्या ठाण्यात गेली. तिथून शेरा आला, 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' खरंच होतं. मग फाइल गावाकडच्या ठाण्यात. जमादार घरी आले, चहा घेतला, माझ्याच खाटेवर बसून लिहिलं, 'अर्जदाराचा कायम पत्ता नागपूर.' दोन्ही कागद एकाच फाइलला टाचलेले. सरकारी हिशेबानं मी कुठंच राहत नव्हतो. दरम्यान मी रोज रात्री वावरातल्या मचाणावर बसून डबा वाजवत होतो.

त्यातच 2024. आधी लोकसभा, मग विधानसभा. "आचारसंहितेत लोकांच्या बंदुका जमा करून घेतो, अन् तुम्हाला नवीन देऊ?" हे बाबूंचं बोलणं पटलं, पण आचारसंहिता उठल्यावरही फाइल त्याच गठ्ठ्यात त्याच जागी होती. वरचा कागद माझाच, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. दर फेरीला आधी तो डाग शोधायचो.

शेवटी आधारचा पत्ता गावाचा केला, रेशन कार्डावर नाव चढवलं, ग्रामसेवकाकडून रहिवासी दाखला घेतला आणि नव्यानं अहवाल मागवला. हे अर्ज करण्याआधीच करायचं असतं, हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर नऊ महिने वाचले असते. शेतसंरक्षणाचा परवाना मागणारा माणूस त्या शेताजवळ राहतो, हे कागदावर दिसलं पाहिजे. सातबारा घेताना पीकपेरा चालू हंगामाचा आहे ना, तेही बघा. माझ्या सातबाऱ्यावर मागच्या वर्षीचं सोयाबीन होतं, एक फेरी त्यातही गेली.

परवाना आला म्हणून डुक्कर मारता येतं असं नाही. त्याला वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली लेखी परवानगी वेगळी लागते. तो अर्ज मी अजून केलेला नाही. सध्या तेवढा दम नाही.

आणखी एक. बंदूक जमा करताना पावतीवर एकेक वस्तू लिहून घ्या. माझ्या पावतीवर 'बंदूक एक नग' एवढंच होतं. परत घ्यायला गेलो तर नळीला गंज, आणि दारू ठासायचा गज गायब. "पावतीत गज कुठं हाय?" हवालदारांनी विचारलं. नवा गज गावच्या लोहारानं करून दिला, बोटभर आखूड.