ज्या वर्षांवरून मालिका उडी मारून गेली

मे महिन्यात आमच्या लोट्यावर, म्हणजे पडवीत, पाय ठेवायला जागा नसते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया एका टोपात, साली सुपात, रस मोठ्या पातेल्यात. त्या रसात साली बुडवून उन्हात टाकायच्या, सुकल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, सोलं काळीभोर होईपर्यंत. बोटं अशी रंगतात की आठवडाभर रंग जात नाही. परवा मी अशीच रातांबे फोडत बसले होते, तेव्हा वाडीतले एक दादा आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून आले.

"बाय, माज्या चेडवाक सिरियलीत घेतल्यानी. मुंबयक बोलावतत. पाठवू काय?"

ते माझ्याकडेच का आले हे उघड होतं. मी आठ वर्षांची असल्यापासून साडेदहा वर्षांची होईपर्यंत एका मराठी मालिकेत रोज संध्याकाळी लोकांच्या घरात होते. वेंगुर्ल्याच्या बाजारात अजूनही एखादी काकी बांगडे निवडता निवडता थांबते आणि विचारते, "तू ता टीव्हीतला चेडू मां?"

दादांना हो किंवा नाही एवढंच हवं होतं. मला ते एका शब्दात देता येईना. दोन तास बोलत बसलो. त्यांना जे सांगितलं ते इथे लिहिते, आणि त्यांच्या मुलीसमोर बोलवेना तेही लिहिते.

२००४ साली आम्ही भांडुपला राहायचो. बाबा एका कारखान्यात लेथवर होते. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं माझं काम कुणीतरी बघितलं, आईला ऑडिशनचा पत्ता दिला, आणि महिन्याभरात मी गोरेगावच्या चित्रनगरीत उभी होते. सकाळी सातचा कॉल, संध्याकाळी सातला पॅकअप. आमच्या सेटवर मोठ्यांची आणि लहानांची शिफ्ट एकच होती.

मला ते काम आवडायचं, हे आधी सांगते. लाइटचा तो गरम वास, फ्लोअरवरची थंडगार फरशी, "सायलेन्स" म्हटल्यावर पडणारी शांतता, या गोष्टी मला शाळेपेक्षा आपल्या वाटायच्या. स्पॉटदादा माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा वेगळा ठेवायचे. मेकअपदादा वेणी घालताना इतक्या हलक्या हातानं घालायचे की आईनं तशी घालावी म्हणून मी घरी हट्ट करायचे. मला पाठांतर चटकन व्हायचं. ओळी माझ्याच नाही, समोरच्यांच्याही पाठ असायच्या.

बाहेरून कळत नाही ते हे, की सीन आधी मास्टरमध्ये घेतात, सगळे एका फ्रेममध्ये, आणि मग एकेकाचे क्लोज. मोठ्या आर्टिस्टना पुढच्या कामाला जायचं असतं, म्हणून त्यांचे क्लोज आधी उरकतात. माझे सगळ्यात शेवटी. तोवर आईचं काम करणाऱ्या ताई घरी गेलेल्या असायच्या. कॅमेऱ्याशेजारी असिस्टंट उभा राहायचा आणि कागदावरून वाचायचा, "बाळा, मी तुला सोडून कुठे जाणार नाही." सपाट आवाजात, पान उलटत. आणि मी त्या कागदाकडे बघून आईकडे बघितल्यासारखं बघायचं. संध्याकाळी साडेसहाला, सकाळपासून उभी राहिल्यावर. हे मला जमायचं आणि त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

एक दिवस मात्र रडू येईना. ग्लिसरीन घातलं तर डोळे नुसते लाल झाले. दोन-तीन टेक वाया गेले. मग एक जण माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाळा, तुझ्या गावाहून फोन आला होता. आजी सिरियस आहे." त्यानंतर काय झालं ते मला आठवत नाही, फक्त एपिसोडमध्ये बघितलंय. शॉट ओके झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोच माणूस हसत आला, म्हणाला, "अगं, काही नाही झालंय आजीला, गंमत केली." आई तेव्हा मेकअप रूममध्ये होती, तिला रात्री घरी गेल्यावर कळलं.

त्या रात्री बाबांनी गावातल्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं आजीला घरून बोलावून आणलं. मी फक्त "आजी" म्हटलं आणि रडत राहिले. सगळं ऐकल्यावर आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खोटा सांगून रडवल्यानी? तुका?"

माझी आजी आयुष्यभर दशावतार बघत आली होती. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाळ्याआधीपर्यंत, चालत जाता येईल तिथला एकही धयकालो, म्हणजे दशावताराचा रात्रभराचा खेळ, ती सोडत नसे. मलाही दोनदा नेलं होतं. एकदा देवळाच्या मागे, जिथे नट रंगायला बसतात, तिथे मी डोकावले होते. एक पिवळा बल्ब. प्रत्येकासमोर छोटा आरसा आणि आपले रंग. तारामतीचं काम करणारा नट, पुरुषच, स्वतःच्या हातानं भुवया कोरत होता, मध्येच पान खात, बाजूच्याशी गुरांच्या दरावर बोलत. पहाटेच्या सुमाराला तोच नट रोहिदासाला मांडीवर घेऊन असा रडला की मंडपातल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, बोलणं जागेवर सुचतं. पण त्या नटाला माहीत होतं की आपण कधी रडणार, का रडणार, आणि रडून झाल्यावर रंग पुसून घरी जाणार. कुणी त्याला येऊन सांगितलं नव्हतं की तुझं पोर गेलं म्हणून. आजीच्या त्या दोन शब्दांत हे सगळं होतं. मला ते समजायला पुढे पंधरा वर्षं लागली.

आणि गणपती. चाकरमान्यांच्या घरातलं मूल गणपतीला गावी जात नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. २००४, २००५, २००६, तिन्ही वर्षं मी गेले नाही. मालिकेतला गणपती तीन आठवडे आधीच बसायचा, टेलिकास्टला वेळेवर पोचावा म्हणून. मालिकेतलं घर कोकणातलं दाखवलं होतं, तेव्हा मी आर्टवाल्या दादांना म्हटलं की गणपतीच्या वर माटवी, म्हणजे टांगलेली लाकडी चौकट हवी, तिला आंब्याचे टाळे हवेत, सुपारीचं शिपटं, कवंडाळाची फळं, हरणाची पिवळी रानफुलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्लॅस्टिकची झेंडूची माळ लावली, कारण दुसरं काही आणायला वेळ नव्हता. आरतीचे सात टेक झाले. खऱ्या चतुर्थीच्या दिवशी मी हॉस्पिटलचा सीन करत होते.

सेटवर चहा द्यायला एक मुलगा होता, माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा असेल. ब्रेकमध्ये आम्ही जिन्यावर बसून भेंड्या खेळायचो. २००६ च्या दिवाळीच्या आसपास तो यायचा बंद झाला. मी विचारलं तर स्पॉटदादा म्हणाले, "कायदा आला बाळा. आता लहान पोरं ठेवता येत नाहीत." १० ऑक्टोबर २००६ पासून घरकामाला, हॉटेलात, चहाच्या टपरीवर चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला बंदी झाली होती, ते मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की तो लहान आहे. मीही लहान आहे, हे त्या सेटवर कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

२००७ च्या सुरुवातीला मालिकेनं लीप घेतला. एका शुक्रवारी माझा शॉट झाला: मी अंगणात पळत जाते, कॅमेरा माझ्या पायांवर, पुढच्या शॉटला पाय दुसऱ्याच मुलीचे, पंचविशीतल्या. पंधरा वर्षं निघून गेली. सेटवर सगळ्यांना आठवडाभर आधी माहीत होतं. मला नाही. मी सोमवारची वेणी कशी घालायची हे मेकअपदादांशी बोलत होते आणि ते मान खाली घालून पिना डब्यात भरत होते. सोमवारी गाडी आली नाही. मी दप्तराऐवजी सेटची पिशवी घेऊन चाळीच्या तोंडाशी पावणेदहापर्यंत उभी होते. शेवटी आई खाली आली आणि मला वर घेऊन गेली. तिलाही आदल्या रात्री फोनवरच कळवलं होतं.

मालिका ज्या पंधरा वर्षांवरून उडी मारून गेली, ती मला एकेक करून काढावी लागली. सहावीत गणितात नापास झाले. चौदाव्या वर्षी उंची वाढली, आवाज बदलला, आणि ऑडिशनला लोक चेहऱ्यात आठ वर्षांची मुलगी शोधायचे. "अजून तसंच दिसतेस" म्हणणारे आणि "किती बदललीस" म्हणणारे, दोघेही काम द्यायचे नाहीत. अठराव्या वर्षी मी फोटो पाठवायचं बंद केलं. बी.कॉम. केलं. बाबांनी नोकरी सोडली तसे आम्ही गावी आलो.

पैशांचंही सांगते. तेव्हा पेमेंट नव्वद दिवसांनी यायचं. बाबांनी एका लांब वहीत प्रत्येक तारीख लिहून ठेवली होती: दिवस, रक्कम, चेक कधी आला. भांडुपची खोली त्या पैशातूनच सुटली आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, आम्ही सगळे त्या खोलीत राहिलो. पण शेवटच्या सव्वीस दिवसांपुढे काही लिहिलेलं नाही. त्या प्रॉडक्शनकडे बाबा वर्षभर खेपा घालत होते. वही मी अजून ठेवली आहे. माझ्या नावावर मात्र त्यातला एक रुपयाही नव्हता, हे मला कॉलेजची फी भरताना कळलं.

आज तसं करता येत नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, मूल सज्ञान झाल्यावर त्याच्या हातात. जिथे शूटिंग तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी. शाळा बुडता कामा नये. आणि दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर हवा.

तो जबाबदार माणूस म्हणजे हल्ली मी असते. आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये गाजली, लोक वाडा बघायला गाड्या भरून आले, आणि आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कॅमेरा ही गोष्ट नवलाईची राहिली नाही. शूटिंग आलं की मला फोन येतो. परवानगीच्या कागदांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, मी स्वतः जाते. सेटवर माझ्या हातात घड्याळ आणि वही असते. मूल कधी आलं, कधी जेवलं, कधी झोपलं. दुपारी मी मुलाला सीन समजावते: ही आजी खोटी खोटी आजारी आहे, तू खोटं खोटं रडायचंस, नंतर आपण आइस्क्रीम खाणार. मागच्या वर्षी एक असिस्टंट मुलाच्या कानाशी वाकला तेव्हा मी मध्ये जाऊन उभी राहिले. काय सांगायचंय ते मोठ्यानं सांगा, म्हटलं. त्याला राग आला. शॉट उशिरा झाला, पण झाला, आणि मुलगा चांगला रडला. नंतर स्वतःच मॉनिटरवर बघून म्हणाला, "मी करून दाखवलं."

दादांना मी म्हटलं, पाठवा, पण कागद बघून. शूटिंग गोरेगावला, म्हणजे परवानगी मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांची, तिची प्रत मागा. खातं तिच्या नावानं उघडलंय का विचारा. सेटवर तिचं माणूस कोण, त्याचं नाव विचारा. आणि लीप कधी आहे ते विचारा. सांगणार नाहीत, तरी विचारा, आणि कळेल त्या दिवशी मुलीला सांगा.

मंगळवारी प्रॉडक्शनचा फोन येणार आहे. दादांनी तो स्पीकरवर ठेवायचा आणि मी शेजारी बसायचं असं ठरलंय. प्रश्न मुलीनं शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलेत. मी सांगितलेले सगळे आहेत. त्यांच्या वर, जागा करून, तिनं आपला एक लिहिलाय: "गणपतीक सुट्टी गावतली काय?"