जिना, अपडेट 4: आई अखेर फ्रेममध्ये!

तीन आठवडे माझ्या मॉडेलमधल्या आईचं डोकं फोनच्या फ्रेममध्ये छाटलं जात होतं. काल रात्री पावणेबाराला ते धडावर आलं.

नवीन मंडळींसाठी एवढंच: 'रिबेल विदाउट अ कॉज' (1955), स्टार्क कुटुंबाच्या दिवाणखान्याचं छोटं मॉडेल, स्केल 1:24, फोनने शूट करतोय. चिकी रननंतर (कड्याकडे गाड्या पळवायची जीवघेणी पैज) नायक जिम पोलिसांकडे जायचं म्हणतो आणि जिन्यावर तिघांची जुंपते, तो सीन. आई वर, बाबा खाली, जिम मधे. फ्रेम सिनेमास्कोपची, 2.55:1. रुंदी मुबलक, उंचीची बोंब, आणि जिना नेमकी उंचीच मागतो.

काय काय नाही केलं! फोन मागे नेला, तिघांच्या मुंग्या झाल्या. खाली आणला, कठडा बरोब्बर बाबांच्या तोंडावर. वाइड लेन्स लावली तर जिना केळ्यासारखा वाकला. वैतागून वरच्या दोन पायऱ्या कापल्या. मग लाज वाटली, परत चिकटवल्या. (घाईत स्प्रे ग्लू मारला, फोमबोर्ड विरघळला. भाग 2 मध्ये मीच तुम्हाला बजावलं होतं. असो. पायऱ्यांना 3 मिमी सनबोर्डच.)

चूक साधी होती. या सीनमध्ये दिग्दर्शक निकोलस रे कॅमेरा तिरका करतो हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मी मात्र ते शेवटी करायचं काम समजत होतो: आधी सरळ फ्रेम बसवू, मग तिरकी करू. काल पॉझ करून स्क्रीनवर कोनमापक धरला आणि मग कागद-पेन्सिल घेतली. 2.55:1 चौकटीचा कर्ण आडव्या रेषेशी साधारण 21 अंश करतो. माझा जिना 35 अंशांचा. फरक 14. फोन 14 अंश कलवला, आणि जिना या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात अलगद निजला. तिघंही आत, आईच्या डोक्यावर बोटभर जागा! आणि घर असं कललं की बाबा आता घसरतील असं वाटावं. रे काही काळ वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटकडे शिकलेला, त्याला जिना कळणारच.

बाकी किरकोळ. जिम सोफ्यावर आडवा असताना आई उलटी दिसते आणि कॅमेरा गोल फिरतो, तो शॉट नवव्या प्रयत्नात हातानेच जमला. लाल जॅकेटने छळलं: काळ्या प्रायमरवर लाल मारला की विटकरी होतो, पांढराच हवा. शूटिंग सुरू झालं तेव्हा सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट होता. स्टुडिओने तो रंगीत केला नसता तर माझे दोन ब्रश वाचले असते. बाबांचा झालरीचा एप्रन रिबिनीतून झकास झालाय. या सीनमध्ये तो नाही, तरी केला.

पुढचा नंबर याच सिनेमातल्या ग्रिफिथ वेधशाळेचा होता. पण हे लिहितानाच डोक्यात आलं: त्याच वर्षीच्या 'ईस्ट ऑफ ईडन'मध्ये बाप पोराला बायबल वाचायला लावतो, तिथेही सिनेमास्कोप आणि तिथेही कॅमेरा तिरका. टेबल तर आडवं, त्याला उंची लागतच नाही. मग त्याचा दिग्दर्शक काझान, त्याने कॅमेरा कशासाठी कलवला? म्हणजे माझं 14 अंशांचं गणित अर्धंच. वेधशाळा राहू दे. आज टेबलाचे पाय कापायला घेतो. दिव्याची वायर कुठून काढू, सुचवा.